पाणी आणि समुद्राच्या कायद्यात काम करायचंय? सुरुवात नमुन्याच्या बाटलीपासून करा

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एका वकिलांच्या कार्यालयात इंटर्नशिप करत होते. खाडीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचं प्रकरण होतं. मला टिपण तयार करायला सांगितलं आणि मी सावधगिरीच्या तत्त्वावर (हानीचा पक्का पुरावा नसला तरी आधी काळजी घ्या), आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यांवर, दोन-तीन देशांच्या निकालांवर चौदा पानं लिहिली. स्वतःवर खूश होते. सुनावणीत समोरच्या वकिलांनी त्या चौदा पानांकडे पाहिलंही नाही. त्यांनी आमचा प्रयोगशाळेचा अहवाल उचलला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. 'नमुना घेतल्याची वेळ' असं लिहिलेलं होतं आणि पुढे जागा रिकामी. दहा मिनिटं ते फक्त त्या रिकाम्या जागेबद्दल बोलले. आमचा अहवाल बाजूला पडला आणि त्याच्याबरोबर माझी चौदा पानंही.

हा लेख त्या दिवसामुळे सुचला. या क्षेत्रात यायचं असेल तर काय वाचावं, कुठे अर्ज करावा, कोणती कागदपत्रं लागतात हे सगळं खाली आहे. पण क्रम मी माझ्या चुकांवरून लावलाय, अभ्यासक्रमाच्या पुस्तकावरून नाही.

१. आधी 'कोणतं पाणी' ते ठरवा

'मला पर्यावरण कायद्यात काम करायचंय' हे वाक्य अर्जात लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पाण्यातही किमान चार वेगवेगळ्या दुनिया आहेत आणि त्यांतली माणसं एकमेकांना फारशी ओळखतही नाहीत.

पहिली नद्या, तलाव आणि भूजलाची. इथे भांडण दोन प्रकारचं असतं: पाणी कोणाला किती, आणि पाण्यात कोणी काय सोडलं. दुसरी किनाऱ्याची: खाडी, खारफुटी, वाळू, बंदरं, भराव. तिसरी देशाच्या हक्कातल्या समुद्राची. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून (जिथून समुद्रातली अंतरं मोजतात ती रेषा) १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासळीवर आणि खनिजांवर त्या देशाचा हक्क असतो. (सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हे पाठ असू द्या, साध्या मैलाशी गल्लत होते.) इथे मासेमारी, तेल, जहाजांचं प्रदूषण असे विषय येतात. चौथी त्याच्या पलीकडच्या खुल्या समुद्राची. तिथे एकट्या कोणत्याच देशाची मालकी नाही, म्हणून सगळं काम करारांवर चालतं.

यांतलं एक निवडा. आयुष्यभरासाठी नको, दोन वर्षांसाठी पुरे. मला विचाराल तर मी आधी किनारा किंवा नदी घ्यायला सांगेन, कारण तिथे चालत जाता येतं. खुल्या समुद्राचं आकर्षण मलाही होतं, पण विद्यार्थीदशेत त्या विषयावर केलेलं बहुतेक काम 'वाचून लिहिलेलं' राहतं. आपण जे पाणी पाहिलंय, ज्याचा वास घेतलाय, त्याच्याबद्दल लिहिलेला अर्ज वेगळा वाचला जातो.

२. करार आणि निकाल मुळातून वाचा, सारांश नको

यादी लांबवत नाही. समुद्र निवडला असेल तर १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा समुद्री कायदा करार, म्हणजे ज्याला सगळे 'अनक्लॉस' म्हणतात तो. ३२० कलमं आणि ९ परिशिष्टं आहेत. घाबरू नका, सगळं एका दमात वाचायचं नाही. पहिल्यांदा फक्त क्षेत्रांच्या व्याख्या आणि बारावा भाग वाचा. त्या भागाची सुरुवात कलम १९२ ने होते: समुद्री पर्यावरणाचं रक्षण आणि जतन करणं हे राष्ट्रांचं कर्तव्य आहे. एका ओळीचं कलम. पण २०२४ च्या मे महिन्यात हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय समुद्री कायदा न्यायाधिकरणाने दिलेल्या सल्लागार मतात याच भागाच्या आधारे हरितगृह वायूंचं उत्सर्जन समुद्राच्या प्रदूषणात मोडतं असं सांगितलं. १९८२ मध्ये लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हवामानबदल नव्हता. जुनं कलम नव्या प्रश्नाला कसं पुरतं हे शिकायला याहून चांगला धडा नाही.

त्यानंतर खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा २०२३ चा करार वाचा. तो जानेवारी २०२६ मध्ये लागू झाला, म्हणजे त्याच्यावर निकालांचा थर अजून साचलेला नाही. नवख्या माणसाला मोठ्यांच्या बरोबरीने बोलता येईल असा कोपरा कायद्यात क्वचित मिळतो, हा त्यांतला आहे. मासेमारीत रस असेल तर जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य अनुदानांवरचा करारही असाच ताजा आहे. तो २०२२ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. जहाजांच्या प्रदूषणासाठी 'मारपोल' हा करार, त्याची सहा परिशिष्टं. त्यांतलं पाचवं कचऱ्याचं, आणि जहाजावरून प्लास्टिक समुद्रात टाकायला त्यात पूर्ण बंदी आहे.

नदी निवडली असेल तर १९९७ चा आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांचा करार (तो लागू व्हायला २०१४ उजाडलं), पाणथळ जागांसाठी १९७१ चा रामसर करार, आणि तुमच्या देशाचा पाणी प्रदूषणाचा कायदा त्याच्या नियमांसकट. 'नियमांसकट' हे दोनदा वाचा. विद्यार्थी कायदा वाचतात आणि नियम सोडून देतात. अर्जाचा नमुना, मुदत, शुल्क, नमुना कसा घ्यायचा ही सगळी उत्तरं नियमांत असतात.

निकालांत सुरुवातीला चारच घ्या. डॅन्यूब नदीवरच्या धरणांचा हंगेरी-स्लोव्हाकिया वाद, १९९७. कॅलिफोर्नियातल्या मोनो तलावाचा निकाल, १९८३, जिथे पाणी वळवण्याचा जुना परवाना असला तरी सार्वजनिक विश्वस्ताचं कर्तव्य (सरकारने जनतेच्या वतीने पाणी सांभाळायचं) संपत नाही असं ठरलं. भारतात बियास नदीच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ, हेच तत्त्व पुढे आलं. मोनो आणि बियास हे दोन शेजारी ठेवून वाचले की तत्त्व एका देशातून दुसऱ्या देशात कसं प्रवास करतं ते दिसतं. चौथा निकाल उरुग्वे नदीवरच्या कागद कारखान्यांचा. त्याच्याबद्दल पुढच्या टप्प्यात.

करार शोधायला पैसे लागत नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा करारसंग्रह, अन्न व कृषी संघटनेचं 'फाओलेक्स' आणि 'इकोलेक्स' हे तिन्ही मोफत आहेत. दुसऱ्या देशाचा मासेमारी कायदा हवा असेल तर थेट फाओलेक्सवर जा.

इथला सापळा: करारावर सही करणं आणि तो मान्य करून बांधून घेणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. अमेरिका अनक्लॉसची सदस्य नाही. मूट कोर्टाच्या (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या काल्पनिक खटल्याच्या) लेखी युक्तिवादात 'अमुक देशाने सही केली आहे, म्हणून तो बांधील आहे' असं लिहिलं की परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतात.

३. बाटली, भरती आणि रंग: विज्ञान किती यायला हवं

हा टप्पा सगळ्यात मोठा आहे आणि बहुतेक जण नेमका हाच गाळतात. रसायनशास्त्राची पदवी नको. पण प्रयोगशाळेचा एका पानाचा अहवाल समोर आला तर त्यातल्या कोणत्या रकान्याला हात घालायचा एवढं कळलंच पाहिजे.

त्या रिकाम्या 'वेळ' रकान्याकडे परत जाऊ. वेळ नसली तर काय बिघडतं? मलाही आधी हीच शंका होती. वाटलं, समोरच्यांनी उगाच तांत्रिक खुसपट काढलं. मग एका शास्त्रज्ञ मैत्रिणीने समजावलं. शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी सूर्यप्रकाशात ऑक्सिजन तयार होतो, रात्रभर तो वापरला जातो. त्यामुळे विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा दुपारी तीनला चांगला दिसतो आणि पहाटे पाचला तेच पाणी माशांना गुदमरवणारं असू शकतं. खाडीत तर आणखी गंमत. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरतं आणि घाण पातळ होते. ओहोटीला तेच सांडपाणी दाट होऊन बाहेर पडतं. म्हणजे वेळ माहीत नसेल तर आकडा खरा असूनही तो कशाबद्दल आहे हे सांगता येत नाही. समोरच्यांचं बरोबर होतं.

अहवाल हातात आला की मी आता या क्रमाने पाहते:

- नमुना कुठे घेतला? अक्षांश-रेखांश आहेत की नुसतं 'पुलाजवळ'? पुलाच्या वरच्या अंगाला की खालच्या? कारखान्याच्या नळाच्या वरच्या बाजूचा नमुना तुलनेला घेतलाय का? तो नसेल तर घाण मुळातच वरून वाहत आली असं कोणीही म्हणेल.
- कधी घेतला? तारीख, वेळ, आणि खाडी-समुद्र असेल तर भरती की ओहोटी. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) होतं की भांग (मधल्या दिवसांची छोटी), तेही.
- बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली? प्रत्येक टप्प्याला सही आणि वेळ. न्यायालयात 'ताब्याची साखळी' तुटली म्हणतात ते हेच.
- थंड ठेवली होती का? बीओडीच्या (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप) नमुन्यात जिवंत जिवाणू असतात. बाटली उन्हात राहिली तर ते आतलं खाद्य खात राहतात आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आकडा खाली येतो. प्रदूषण करणाऱ्याचा फायदा आपल्याच निष्काळजीपणाने होतो.
- चाचणीची पद्धत कोणती? बीओडी अनेक ठिकाणी २० अंशांवर पाच दिवसांनी मोजतात, भारतात २७ अंशांवर तीन दिवसांनी. दोन देशांचे अहवाल शेजारी ठेवून तुलना करण्याआधी हे पाहा.

आता नकाशा. समुद्राच्या कायद्यात सामान्य आधाररेषा ओहोटीच्या रेषेवरून मोजतात, अनक्लॉसच्या पाचव्या कलमाप्रमाणे. किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम मात्र बऱ्याचदा भरतीच्या रेषेवरून मोजतात. भारताचे किनारा नियमन क्षेत्राचे नियम तसेच आहेत. सपाट, चिखलाच्या किनाऱ्यावर या दोन रेषांमध्ये खूप मोठं अंतर पडू शकतं. त्यामुळे कोणी 'किनाऱ्यापासून इतके मीटर' म्हणालं की पहिला प्रश्न: कोणत्या रेषेपासून? क्यूजीआयएस हे नकाशाचं मोफत सॉफ्टवेअर चार-पाच शनिवार-रविवार बसून शिका. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रंही मोफत मिळतात, दहा मीटरपर्यंत बारकाव्याची. खारफुटी कोणत्या वर्षी होती आणि कोणत्या वर्षी भराव दिसतो हे दोन चित्रांत दाखवता आलं तर ते दहा पानी वर्णनाचं काम करतं. मासेमारीत काम करायचं असेल तर जहाजांचा माग दाखवणारा ग्लोबल फिशिंग वॉचचा नकाशा वापरून पाहा. आणि जहाज ओळखायचं ते नावावरून नाही, सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांकावरून. नाव बदलतं, झेंडा बदलतो, क्रमांक तोच राहतो.

हे सगळं 'शास्त्रज्ञांचं काम' वाटत असेल तर दोन प्रकरणं सांगते.

हवाई बेटांतल्या माऊईमध्ये एका सांडपाणी केंद्रातून प्रक्रिया केलेलं पाणी, दिवसाला सुमारे ४० लाख गॅलन, चार खोल विहिरींतून जमिनीत सोडलं जायचं. समुद्र तिथून साधारण अर्ध्या मैलावर. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याप्रमाणे नळातून थेट समुद्रात सोडायचं तर परवाना लागतो. जमिनीतून गेलं तर? पाण्याने स्वतः तर काही सांगितलं नसतं. शास्त्रज्ञांनी विहिरींत रंग ओतला आणि किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाशी जिथून भूजल झिरपतं तिथे वाट पाहत राहिले. ८४ दिवसांनी रंग तिथे उगवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२० मध्ये न्यायालयाने कसोटी घातली: हे थेट सोडण्याच्या बरोबरीचं आहे का? ते ठरवताना सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी कोणत्या, तर पाण्याला लागलेला वेळ आणि कापलेलं अंतर. म्हणजे तो रंग आणि ते दिवस हाच कायद्याचा प्रश्न होऊन बसला. प्रकरण खाली परत गेल्यावर २०२१ मध्ये परवाना लागतो असं ठरलं.

दुसरं, उरुग्वे नदीच्या काठच्या कागद कारखान्यांचं. अर्जेंटिना विरुद्ध उरुग्वे, आंतरराष्ट्रीय न्यायालय, २०१० चा निकाल. दोन्ही देशांनी आपापल्या शास्त्रज्ञांना वकिलांच्या बाकावर बसवून तिथूनच बोलायला लावलं. न्यायालयाने निकालात स्पष्ट सुनावलं की त्यांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून आणलं असतं तर बरं झालं असतं, म्हणजे त्यांची उलटतपासणी घेता आली असती. शेवटी उरुग्वेने कळवण्याच्या, चर्चा करण्याच्या कर्तव्यांचा भंग केला असं ठरलं, पण नदी प्रदूषित केल्याचं सिद्ध झालं नाही. त्याच निकालात आणखी एक मोठी गोष्ट आहे: सीमेपलीकडे परिणाम होण्याचा धोका असेल तर आधी पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करणं हे सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याचंच बंधन आहे. पुस्तकांत याच भागाचा उदोउदो असतो. मला वकिलाच्या कामासाठी पहिला भाग जास्त उपयोगी वाटतो.

४. परवाना वाचायला आणि माहिती मागायला शिका

खरं काम कशात असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते परवान्यांत असतं. कारखान्याला, बंदराला, वाळूच्या ठेक्याला दिलेलं संमतिपत्र आणि त्याच्या अटी. किती पाणी सोडायचं, कोणत्या मर्यादेत, किती दिवसांनी अहवाल द्यायचा. बऱ्याचदा उल्लंघन शोधायला नदीवर जावंच लागत नाही. कारखान्याने स्वतःच दिलेला सहामाही अहवाल आणि परवान्याची अट शेजारी ठेवली की पुरतं.

ही कागदपत्रं मिळवायची तर माहितीच्या अधिकाराचा कायदा. बहुतेक देशांत असा काही ना काही कायदा असतो. युरोपात आऱ्हूस करार आहे, लॅटिन अमेरिकेत तसाच एस्काझू करार. विद्यार्थी असतानाच एक अर्ज करून पाहा. 'या नदीच्या प्रदूषणाबाबत सर्व माहिती द्यावी' असा केलात तर गुळमुळीत उत्तर येईल किंवा काहीच येणार नाही. 'अमुक संमतिपत्राची प्रत आणि अमुक ते अमुक काळातले तपासणी अहवाल' असा करा. कागदाचं नाव घेऊन मागितलं की टाळणं अवघड जातं.

आणि तारखा लिहून ठेवा. प्रकल्पावर हरकती द्यायची मुदत, जनसुनावणी, परवान्याविरुद्ध अपिलाची मुदत. चांगली प्रकरणं मुदतीत मेलेली मी पाहिली आहेत. गुणवत्तेवर हरलेल्यांपेक्षा ती जास्त टोचतात.

५. मूट कोर्ट, आणि त्याची मर्यादा

स्टेटसन ही आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याची मूट स्पर्धा आहे. संशोधन आणि लेखी युक्तिवादाची सवय लागायला उत्तम. जेसप सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याची, ती जास्त स्पर्धेची. एक करा, दोन्हींच्या मागे लागू नका.

मर्यादा ही की मूटमध्ये वस्तुस्थिती छापून हातात देतात. 'नदीत पाऱ्याचं प्रमाण वाढलं' असं कागदावर लिहिलेलं असतं आणि ते कोणी नाकारू शकत नाही. बाहेर तेच एक वाक्य सिद्ध करायला तीन वर्षं जातात. माझी चौदा पानं मूटच्या सवयीतूनच आली होती.

६. इंटर्नशिप: कुठे आणि कोणत्या क्रमाने

माझा सल्ला उलटा वाटेल. आधी जवळची, मग लांबची.

पहिली एखाद्या वकिलाकडे, जो प्रत्यक्ष पाण्याची प्रकरणं चालवतो. दुसरी एखाद्या संस्थेत जिथे शास्त्रज्ञ आणि वकील एकाच टेबलावर बसतात. 'ई-लॉ' हे पर्यावरण वकिलांचं जागतिक जाळं आहे. त्यांच्याकडे वकिलांना मदत करायला शास्त्रज्ञ नेमलेले असतात, आणि त्या पद्धतीने काम कसं चालतं हे पाहण्यासारखं आहे. तिसरी नियामक मंडळात किंवा सरकारी खात्यात. ही तिसरी लोक टाळतात, 'आपण समोरच्या बाजूचे' म्हणून. चूक आहे. निरीक्षक नमुना कसा घेतो, त्याच्याकडे गाडी कितीदा नसते, फाईल कुठे अडते हे आतून पाहिलेला वकील नंतर नेमकं बोट ठेवतो.

मग आंतरराष्ट्रीय. हॅम्बुर्गचं न्यायाधिकरण इंटर्न घेतं, आणि तरुण अधिकारी व संशोधकांसाठी निप्पॉन फाउंडेशनच्या मदतीने नऊ महिन्यांचा प्रशिक्षण कार्यक्रमही चालवतं. संयुक्त राष्ट्रांचा न्यूयॉर्कमधला समुद्रविषयक विभाग, लंडनची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, किंग्स्टनचं आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण, रोमची अन्न व कृषी संघटना, नैरोबीचा पर्यावरण कार्यक्रम. एक कटू गोष्ट आधीच सांगते: संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, प्रवास, राहणं, वैद्यकीय विमा सगळं आपलं आपण. पदवीचं शेवटचं वर्ष, पदव्युत्तर शिक्षण किंवा पदवीनंतरचं एक वर्ष एवढ्याच काळात ती करता येते. म्हणून पैशांची जुळवाजुळव आधी, अर्ज नंतर. कर्ज काढून तीन महिने जाऊन आलेली माणसं मला माहीत आहेत. कोणालाही मी तसं सुचवणार नाही.

पत्र कसं लिहावं? माझं पहिलं पत्र 'लहानपणापासून मला समुद्राची ओढ आहे' असं सुरू होत होतं. एकाचंही उत्तर आलं नाही. नंतरचं असं होतं: 'आपण चालवत असलेल्या अमुक प्रकरणातला अंतरिम आदेश वाचला. आदेशात ज्या तीन अटी आहेत त्यांच्या पालनाचे अहवाल मी माहिती अधिकारात मिळवले आहेत, सोबत तक्ता जोडला आहे. दोन महिने पूर्णवेळ काम करू शकते.' दोन दिवसांत फोन आला.

७. कागदपत्रांची थैली तयार ठेवा

अर्जाची शेवटची तारीख आठ दिवसांवर आली की धावपळ होते. म्हणून हे सगळं एका फोल्डरमध्ये आधीपासून:

- एका पानाचा सीव्ही, फार तर दोन. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा काढून टाका.
- सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट. हे मिळायला आठवडे लागतात, आजच अर्ज द्या.
- लेखनाचा नमुना, पाच ते दहा पानं. सहलेखकाचा नको, संपूर्ण तुमचा. पाण्याशी संबंधित असेल तर उत्तम, पण नीट लिहिलेलं करार कायद्याचं टिपणही चालतं.
- दोन शिफारसपत्रं. नाव मोठं असण्यापेक्षा तुमचं काम जवळून पाहिलेली व्यक्ती बरी. त्यांना स्वतःच मुद्दे लिहून द्या, किमान तीन आठवडे आधी.
- महाविद्यालयाचं ना हरकत पत्र आणि विद्यार्थी असल्याचा दाखला.
- पासपोर्ट, पुरेशी मुदत शिल्लक असलेला. भाषेच्या परीक्षेचा दाखला लागत असेल तर त्याचीही मुदत पाहा, तो संपतो.

भाषेवरून आठवलं. फ्रेंच किंवा स्पॅनिश थोडी आली तर आंतरराष्ट्रीय संस्थांत फरक पडतो. पण नदीकाठी किंवा किनाऱ्यावर काम करायचं तर तिथल्या मच्छीमारांची बोली आधी. साक्षीदार आपल्या भाषेतच नीट आठवतो.

८. एलएलएमची (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीची) घाई करू नका

माल्टातली आंतरराष्ट्रीय सागरी कायदा संस्था, स्वीडनच्या माल्मोमधलं जागतिक सागरी विद्यापीठ, आणि समुद्र कायद्याचे खास अभ्यासक्रम असलेली बरीच विद्यापीठं आहेत. चांगलीच आहेत. पण पदवी संपल्या संपल्या जाऊ नका; दोन वर्षं काम करून गेलात तर कोणता प्रश्न घेऊन जायचा हे माहीत असतं, आणि शिष्यवृत्ती देणारेही तेच विचारतात.

आणखी एक. परदेशातलं एलएलएम म्हणजे तिथे वकिली करायची सनद नव्हे. सनद प्रत्येक देशाची वेगळी आणि तिचे नियम वेगळे. हे न तपासता गेलेले लोक दर वर्षी भेटतात.

९. पहिली नोकरी: पाटीवर 'महासागर' नसेल

'समुद्र संरक्षण वकील' अशा जाहिराती फार थोड्या निघतात. जागा वेगळ्या नावांनी असतात: नियामक मंडळाचा विधी अधिकारी, मत्स्य विभागाचा सल्लागार, नगरपालिकेचा पाणीपुरवठ्याचा कायदा विभाग, विमा कंपनीत जहाज अपघातांचे दावे पाहणारा, संसदेच्या समितीचा संशोधन सहायक. संस्थांत थेट जागा निघते तेव्हा ती 'कार्यक्रम अधिकारी' अशा मोघम नावाने निघते. त्यामुळे शोधताना कामाचं वर्णन वाचा, पदाचं नाव नको.

मोठ्या कंपन्यांची बाजू घेणाऱ्या वकिली फर्ममध्ये जावं का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. जा, कर्ज फिटेपर्यंत. पण जाण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या: तिथे ज्या कंपनीचं काम कराल तिच्याविरुद्ध त्याच विषयात पुढे उभं राहता येत नाही. एखादी मोठी बंदर किंवा तेल कंपनी तुमची अशील झाली तर त्या किनाऱ्यावरच्या प्रकरणांना तुम्ही बाद.

आणि एकट्याने बसून राहू नका. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये, हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा असं वर्गात ठरवलं. वानुआतू देशाने तो उचलून धरला, २०२३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं. त्या सहा वर्षांत त्यांनी काय केलं असेल? पत्रं लिहिली, सरकारी कार्यालयांत चकरा मारल्या, बैठका घेतल्या, नव्या तुकडीला काम सोपवलं. तुमच्या महाविद्यालयात असा गट नसेल तर चौघं मिळून सुरू करा. पहिल्या बैठकीला कुठल्याही ठरावाचा मसुदा नको. जवळच्या पाण्याचं एक संमतिपत्र मागवा आणि त्याच्या अटी एकेक करून मोठ्याने वाचा. दोन तास सहज जातात.